जांभळा उजेड

जुलैत पिटुनियावर संध्याकाळी एक पाखरू आलं.
लांब सोंड, पंखांच्या जागी नुसता धूर.
मी ओरडले, हमिंगबर्ड!
श्रीरंगने फोटो काढला, मी तो साऱ्या नातेवाइकांना धाडला,
खाली लिहिलं: बघा कोण आलंय आमच्याकडे.

ते पाखरू बाळंतपणाला जागा बघत होतं
हे कुणाला ठाऊक.

ऑगस्टात टोमॅटोचे शेंडे गेले.
मोडक्या छत्रीच्या काड्यांसारखे देठ तेवढे उभे,
आणि खालच्या पानांवर मिरी सांडलेली.
मी चिमटीत धरून वासही घेतला.
हे मात्र वॉल्टरला सांगितलं नाही.

कुंपणापलीकडचा वॉल्टर नोवित्स्की,
सारी हयात जीपच्या कारखान्यात गेलेली,
म्हणाला, दिवसा नाही दिसायचे ते तुला,
पानाच्या शिरासुद्धा अंगावर काढून घेतात.
रात्र होऊ दे.
आणि गॅरेजातून घेऊन आला जांभळ्या उजेडाची बॅटरी,
जिच्यानं तो गाड्यांच्या पोटातली गळती शोधायचा.

टोलेडोत ऑगस्टात नऊ वाजले तरी उजेड हटत नाही.
दहाला आम्ही दोघं निघालो.
श्रीरंग वेंगुर्ल्याचा, बांगडे साफ करताना शीळ घालतो.
आता त्याच्या हातात साबणाच्या पाण्याचा डबा
आणि तोंड पार रस्त्याकडे.

बटण दाबलं.
झाड काळं झालं
आणि त्यात हिरवे दिवे लागले.
बोटाएवढे, गुबगुबीत, बुडावर शिंग.
सगळ्यांपासून लपायला शिकलेले,
फक्त हा एक उजेड त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता.

ओढलं तर सोडेनात.
रांगत्या बाळाच्या मुठीतून किल्ल्या काढाव्या
तशी एकेक पायाची पकड सोडवायची,
मग डब्यात. डुबुक.
मोजू नको ना, श्रीरंग म्हणाला.
मी मोठ्याने मोजत नव्हते.
अकरा.

बारावा पुरता चमकलाच नाही.
साध्या बॅटरीत पाहिलं तर पाठीवर पांढरे दाणे,
उभे, दाट,
कुणी अक्षता टाकून गेल्यासारखे,
मुंडावळ्या बांधायच्या तेवढ्या राहिलेल्या.

त्याला हात लावू नको, सकाळी वॉल्टर म्हणाला.
ते दाणे म्हणजे कोश.
चिलटाएवढी एक गांधीलमाशी त्याच्या आत अंडी घालते,
पिल्लं त्याला आतून खातात, बाहेर येतात, विणायला बसतात.
तो आता खाणार नाही. कुठे जाणारही नाही.
असू दे तसाच,
त्यातून निघतील त्या तुझे टोमॅटो राखतील.
गाडीचं तेल कधी बदलावं
हे सांगावं, तसं सांगितलं त्याने.

अकरांचं मला काही वाटलं नव्हतं.
डबा गटारात ओतला, हात धुतले, झोपले.
हा एक मात्र, ज्याला मी काहीच केलं नाही,
त्याला रोज कामावर जाण्याआधी बघून यायचे.
हात जोडणं वगैरे नाही, नुसतं बघणं.
तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं हललं.
त्या दिवशी मला ऑफिसला उशीर झाला.
सहाव्या दिवशी दाण्यांची टोपणं उघडी,
सुईने गोल कापावीत इतकी नेटकी,
आणि तो म्हणजे रिकामा मोजा,
शिंगासकट.

काढू का आता? श्रीरंगने विचारलं.
तोंड या खेपेला माझ्याकडे होतं.
म्हटलं, राहू दे, पडेल आपण होऊन.

उरलेले हिरवे टोमॅटो उतरवले,
तीळ-दाणे घालून चटणी वाटली,
वाटीभर वॉल्टरला दिली.
त्याने ब्रेडला फासून खाल्ली, नाक पुसलं,
अजून आहे का विचारलं.
बॅटरी परत मागितली नाही.

काल संध्याकाळी पिटुनियावर पुन्हा एक.
सोंड. धूर.
फोन खिशातच होता.
मी पाणी घालत राहिले झारी संपेस्तोवर,
आणि संपल्यावरही
थोडा वेळ.